'ळ'ची जोडी जुळवताना

'ळ' उच्चारताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागावे लागते. पक्षाघाताने जीभ दुबळी झाली की 'वेळ'चा 'वेल' होतो आणि संकोचाने माणूस बोलणेच टाळू लागतो. अशा वेळी शब्द नुसता वदवून घेण्यापेक्षा जोडी जुळवायला द्यावी. ज्वारीची भाकरी, तर गव्हाची? पोपट हिरवा, तर कावळा? सूर्योदय सकाळी, तर सूर्यास्त? 'पोळी', 'काळा', 'संध्याकाळी' ही उत्तरे स्वतः आठवावी लागतात; जिभेबरोबर स्मरणालाही काम मिळते. (कुणी 'चपाती' म्हणेल, तेही बरोबरच!) उत्तर पुरवण्याची घाई मात्र करू नये. किती वेळ सराव करावा, हे वाचोपचारतज्ज्ञांना विचारावे. बोलणे अचानक बोबडे झाले, तर हा खेळ नको. तत्काळ रुग्णालय गाठावे.