युद्ध आखातात, हिशोब राजिवड्यात

आखातात तणाव वाढला की राजिवडा-मिरकरवाड्यात दोन प्रश्न एकदम निघतात. डिझेल वाढणार का? आणि आपला पोरगा तिकडे बरा आहे ना? रत्नागिरीतल्या आपल्या घरांना लांबच्या युद्धाची झळ अशी दोन्हीकडून बसते.

आधी खर्चाचं बघू. भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. स्वयंपाकाचा गॅसही निम्म्याहून जास्त आयात होतो आणि त्यातला बहुतेक होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. तिथे नुसती भीती पसरली तरी जहाजांचं भाडं आणि विमा महागतो. पंपावरचे दर सरकार काही दिवस रोखून धरतं, पण तो बोजा कुठून तरी वसूल होतोच. मग ट्रॉलरचं डिझेल, बर्फ, मासळीचा टेम्पो असं करत महागाई आपल्या ताटात येते. अशा वेळी रुपया घसरला तर दुबईहून आलेली रक्कम मोठी दिसते खरी. पण वाढलेला खर्च ती खाऊन टाकतो.

आता कमाईचं. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये फौजा घुसवल्या. तिथले लाखाहून जास्त भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईत आणले गेले. माणसं सुखरूप आली, पण अनेकांची जमापुंजी तिकडेच राहिली. इकडे तेल महागलं, डॉलर आटले आणि १९९१ मध्ये देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं.

त्या वेळी परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेनना भेटले, त्यावर टीकाही झाली. पण अडकलेली माणसं सोडवायची तर दार बंद करून चालत नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं तेव्हा युनोतल्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि रशियाचं सवलतीचं तेल घेत राहिला. दिल्ली शब्द तोलून का बोलते, याचं एक कारण इथे सापडतं.

याचा अर्थ जुलमावर गप्प बसावं असा मुळीच नाही. गाझातल्या लेकरांसाठी आवाज उठवायलाच हवा. सगळ्यांशी संबंध असलेल्या देशाने ते वजन युद्ध थांबवण्यासाठी वापरावं, ही मागणी आपण हक्काने करू शकतो.

तोवर घरातली तयारी आपल्या हातात आहे. परदेशी असलेल्या माणसाची भारतीय दूतावासात नोंद असू द्या. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती घरी ठेवा. सगळी बचत तिकडे अडकवू नका. आणि व्हॉट्सअॅपवर आलेली बातमी खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका. ती वाचणारी कुणाची तरी आई असते.