पाइपच्या पोटात मावतं किती?

हार्डवेअरच्या दुकानात पाइप मागायचा तो अर्धा, पाऊण, सव्वा, दीड इंची असाच. पाणी मात्र लिटरमध्ये. या दोघांची सोयरीक जुळवणारी एक झकास युक्ती आहे: आतल्या व्यासाच्या इंचांचा वर्ग करा आणि निम्मा करा. येईल तो आकडा म्हणजे मीटरभर पाइपात मावणारे लिटर. एक इंचीत अर्धा, दोन इंचीत दोन, चार इंचीत आठ. झालं गणित!

यात जादू नाही, नशीब आहे. एक इंच म्हणजे २.५४ सेंमी. तेवढ्या व्यासाच्या मीटरभर नळीत ५०७ मिलिलिटर पाणी बसतं. चूक जेमतेम सव्वा टक्का; तेवढी कुणालाही चालावी.

व्यास दुप्पट झाला की पाणी चौपट. म्हणून एक इंचीची भरपाई अर्ध्या इंचीच्या दोन पाइपांनी होत नाही, चार लागतात. वाहत्या पाण्याला तर चारही अपुरेच, कारण घर्षण वाढतं.

आता गच्चीवरचा सोलर घ्या. तिथून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत २० मीटर पाऊण इंची पाइप असेल, तर थंडीतल्या सकाळी आधी साडेपाच लिटर गार पाणी सोडावं लागणार. खालचे ओरडतात, ‘सोलर बिघडला!’ तो बिचारा वर मजेत तापलेला असतो.

सहा इंची बोअरमध्ये १०० फूट पाणी उभं आहे म्हटलं की भारी वाटतं. हिशेब केला तर साडेपाचशे लिटर. झऱ्यांची आवक नसेल तर ५०० लिटरची टाकी भरली की खेळ खलास.

पीव्हीसीत जरा जपून. शेतकरी ‘६३ चा पाइप’ म्हणतात तो बाहेरून ६३ मिमी, आतून कमीच. ठिबकच्या १६ मिमी नळीचंही तेच. आतला व्यास १४ मिमी आणि ओळींत पाच फूट अंतर धरलं, तर एकरभर नळ्यांच्या पोटातच ४०० लिटर पाणी जातं. रिकाम्या नळ्या तेवढ्या भरेपर्यंत शेवटच्या झाडाला थेंब नाही. खत सोडायची घाई करू नका ती याचसाठी.

आणि मुंबईची ७२ इंची तानसा जलवाहिनी? ७२ चा वर्ग ५१८४, निम्मे २५९२. म्हणजे अवघ्या चार मीटरच्या तुकड्यात १०,००० लिटरचा अख्खा टँकर, आणि किलोमीटरभरात २६ लाख लिटर!