आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यास गणित व भौतिकशास्त्र : आरंभ औषधशाळेतून व्हावा

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात एक आंतरवासी विद्यार्थिनी काम करीत होती. एका रुग्णास मध व तूप विषम प्रमाणात अनुपान म्हणून द्यावे, असे आम्ही तिला सांगितले. तिने दिवसभरासाठी तीन चमचे तूप व दोन चमचे मध असे लिहिले. तीन आणि दोन हे आकडे विषम खरे. परंतु तुपाची घनता सुमारे ०.९१, तर मधाची सुमारे १.४. पाच मिलिलिटरच्या चमच्याने तीन चमचे तूप म्हणजे साडेतेरा ग्रॅमहून किंचित अधिक आणि दोन चमचे मध म्हणजे १४ ग्रॅम. तराजूत घालताच दोन्ही पारडी जवळजवळ समसमान! चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात ज्या समप्रमाणास मात्राविरुद्ध म्हटले आहे, नेमके तेच विषम प्रमाण साधण्याच्या प्रयत्नात तयार झाले होते.

औषध देण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात आली, हे सुदैव. विद्यार्थिनी हुशार होती, संहितेतील संदर्भही तिला पाठ होता. चूक निम्मी आमचीच होती. 'विषम' म्हणताना ते वजनाने की मापाने, हे आम्ही सांगितलेच नव्हते. या प्रसंगाने आम्हांस जो विचार करावयास लावले, तो वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधनिर्मात्यांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

अडचण कोठे आहे?

आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. गणित लागत नाही. त्यामुळे अनेक विद्यार्थ्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर सुटतो. भौतिकशास्त्र शिकलेले असते, पण प्रवेशपरीक्षेतील प्रश्न सोडविण्यापुरते. पुढे संशोधनपद्धती व संख्याशास्त्र हा भाग समोर येतो, तेव्हा तो परका वाटतो. जीवशास्त्राच्या अन्य शाखांतही हीच तक्रार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली 'बायो २०१०' या अहवालात जीवशास्त्राच्या पदवी शिक्षणात गणित व भौतिक विज्ञाने अधिक दृढपणे गुंफावीत, अशी शिफारस केली होती.

आमच्या मते हे विषय स्वतंत्र ओझे म्हणून न शिकविता, विद्यार्थ्याच्या हाती रोज येणाऱ्या द्रव्यांतून शिकविले पाहिजेत. त्याची तीन उदाहरणे येथे देत आहोत.

१) क्वाथाची चूल

शार्ङ्गधरांनी क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट जल घेऊन अष्टमांश शेष ठेवण्यास सांगितले आहे. एक किलो भरड घेतली तर १६ लिटर पाणी, शेष २ लिटर. म्हणजे १४ लिटरची वाफ. एक किलो पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७५ किलोकॅलरी लागतात; त्याच पाण्याची वाफ करण्यास मात्र सुमारे ५४०. हिशेब असा : तापविण्यासाठी १६ × ७५ = १,२००, वाफेसाठी १४ × ५४० = ७,५६०; एकूण ८,७६० किलोकॅलरी. एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात व त्यांतील निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर एक किलो भरडीमागे सुमारे १.६ किलो गॅस जळतो. औषधनिर्मात्यास आपल्या खर्चाचा मोठा भाग कोठे जातो, हे या चार ओळींत दिसते.

यातून मंदाग्नीचाही अर्थ उलगडतो. उघड्या भांड्यातील पाणी एकदा उकळू लागले की ज्वाळा वाढविल्याने त्याचे तापमान वाढत नाही, केवळ वाफ लवकर होते. म्हणजेच तीव्राग्नीने द्रव्यास जलात राहण्याचा काळ कमी मिळतो. सुप्त उष्णतेचा धडा विद्यार्थ्याने अशा रीतीने शिकला तर तो विसरणार नाही.

२) दशलक्षांश भाग

शिसे १० पीपीएम या मर्यादेत आहे, असे प्रयोगशाळेच्या अहवालात लिहिलेले असते. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. अर्थात १० पीपीएम म्हणजे एका किलोत १० मिलिग्रॅम, एका ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅम. रुग्ण रोज ६ ग्रॅम चूर्ण घेत असेल तर मर्यादेवरील चूर्णातून त्याच्या पोटात रोज ६० मायक्रोग्रॅम शिसे जाईल. अहवालातील आकडा चूर्णाचा असतो. वैद्याने विचार करावयाचा तो मात्रेचा व कालावधीचा. हे केवळ गुणाकाराचे गणित आहे, परंतु ते न केल्यास अहवाल निरर्थक ठरतो.

३) दहांपैकी आठ

'आम्ही आमवाताच्या दहा रुग्णांस हा कल्प दिला, आठांस उपशय मिळाला', असे अनुभव आपल्या सभांमधून आपण नेहमी ऐकतो. हे ८० टक्के यश मानावे काय? संख्याशास्त्र सांगते की दहांपैकी आठ या निरीक्षणाची ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे ४४ ते ९७ टक्के इतकी विस्तीर्ण आहे. शंभरांपैकी ऐंशी असतील तर ती ७१ ते ८७ पर्यंत आक्रसते. शिवाय रुग्ण बहुधा वेदना अत्युच्च असताना येतो. काही उतार कालानेही पडतो. म्हणून तुलनागट हवा.

हेच माप प्रतिकूल वृत्तासही लावावे. २००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळले. हे प्रमाण २० टक्के, विश्वासमर्यादा ११ ते ३१. हा नमुना एका शहराच्या परिसरातील दुकानांचा होता. त्यावरून सर्व आयुर्वेदीय औषधांविषयी निष्कर्ष काढता येत नाही. परंतु खालची मर्यादाही ११ टक्के आहे, म्हणून तो झिडकारताही येत नाही. संख्याशास्त्र न जाणणारा वैद्य अशा वेळी एक तर संतापतो, नाही तर गप्प बसतो. जाणणारा उत्तर देऊ शकतो व आपले घरही तपासतो.

काय करता येईल?

मानपरिभाषा शिकविताना विद्यार्थ्याच्या हाती तराजू व मापपात्र दोन्ही द्यावीत. मध, तूप, तैल व जल मापून आणि तोलून त्यांची घनता त्यानेच काढावी. क्वाथ करताना घड्याळ, तापमापक व इंधनाचे वजन यांची नोंद ठेवावी. संख्याशास्त्राचा आरंभ बाह्यरुग्ण विभागातील रुग्णपत्रांवरून, विद्यार्थ्याने स्वतः मोजलेल्या आकड्यांनी व्हावा.

यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे आंतरवासी येतात त्या वैद्यांनी आठवड्यातून एक तास द्यावा. औषधशाळांच्या मालकांनी महिन्यातून एक दिवस विद्यार्थ्यांसाठी आपली भट्टी व तराजू खुला ठेवावा. मात्रा, काल, अग्निबल यांचा विचार हा आपल्या शास्त्राचा प्राण आहे, आणि मात्रेचा विचार मोजमापाशिवाय होत नाही. आमच्या चिकित्सालयात आता मध-तुपाच्या प्रत्येक सूचनेपुढे ग्रॅम लिहिलेले असतात.