घरचा संगणक जुळवताना : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट. सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घेण्याची या बाजारांतली प्रथा जुनी आहे आणि लॅपटॉप व मोबाइल घरोघरी पोहोचले तरी ती मोडलेली नाही. मुलांचा अभ्यास, घरातल्या कोणाचे कार्यालयीन काम, बँकेचे व्यवहार आणि छायाचित्रांचा साठा एवढ्यासाठी बेताच्या पैशांत टिकाऊ संगणक हवा असेल, तर हा मार्ग आजही उपयोगाचा आहे. मात्र येथे फसगत होते ती बहुधा एकाच कारणाने. डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर सढळ हाताने खर्च होतो आणि काटकसर न दिसणाऱ्या वस्तूंवर केली जाते.

सर्वाधिक सावध राहावे ते 'आय७' या नावापासून. अतिशय कमी किमतीत 'आय७ संगणक' देऊ करणाऱ्या जाहिराती सर्रास दिसतात. अशा संचात पुष्कळदा २०११-१२ या काळातला वापरलेला प्रोसेसर असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आय७-२६०० हा २०११ सालचा प्रोसेसर चार कोअरचा होता. २०२२ साली आलेला आय३-१२१०० हाही चार कोअरचाच असून त्याचा प्रत्येक कोअर कितीतरी वेगवान आहे. या मालिकांत जोडरेघेनंतरचे आकडे पिढी सांगतात: २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी. हा फरक केवळ वेगापुरता नाही. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ साठी, मोजके अपवाद वगळता, इंटेलचा आठव्या किंवा पुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आवश्यक ठरवण्यात आली आहे. ज्या संगणकावरून घरचे बँक व्यवहार व्हायचे, त्याच्या बाबतीत ही अट दुर्लक्षून चालणार नाही.

घरगुती कामासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच चित्रदर्शनाची सोय असली की पुरते. परंतु एका अक्षराने येथे घोटाळा होतो. आय३-१२१०० मध्ये ही सोय आहे, आय३-१२१००एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी मध्ये आहे, रायझेन ५ ५६०० मध्ये नाही. थोडे पैसे वाचले म्हणून 'एफ' घेतलेला ग्राहक घरी येतो, मॉनिटर जोडतो आणि काळ्या पडद्याकडे पाहत बसतो.

रॅमच्या बाबतीत जुने हिशेब आता उपयोगाचे राहिलेले नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या विदा केंद्रांकडे स्मृती चिपांचे उत्पादन वळले आणि २०२५च्या उत्तरार्धात किमती झपाट्याने चढल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीने 'क्रूशियल' या नावाने चालणारा आपला ग्राहकविक्रीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणाही केली. अशा स्थितीत एकदम १६ जीबी घेणे जड जात असेल, तर ८ जीबीची एक पट्टी आज आणि तशीच दुसरी पुढे, हा व्यवहार्य तोडगा आहे. त्यासाठी मदरबोर्डवर किमान दोन खाचा हव्यात. दोन पट्ट्या एकत्र चालल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो, कारण ते याच रॅमचा वापर करते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्या मात्र परस्परांच्या जागी बसत नाहीत आणि बाराव्या पिढीचे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. रॅम आणि मदरबोर्ड वेगवेगळ्या दुकानांतून घेणाऱ्याने एवढे तरी लिहून न्यावे. घरात पडून असलेल्या जुन्या संगणकात डीडीआर४ रॅम असेल, तर त्याच प्रकारचा मदरबोर्ड निवडून बराच खर्च वाचवता येतो.

साठवणुकीसाठी एसएसडीच घ्यावी. ५०० जीबी पुरेशी होते. एम.२ आकाराच्या सगळ्याच एसएसडी सारख्या नसतात. साटा प्रकारची सेकंदाला सुमारे ५५० एमबी वेगाने वाचते, तर एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कितीतरी पट. जुनी हार्ड डिस्क असेल तर ती टाकून देऊ नये. एसएसडी पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते, तेव्हा छायाचित्रांची दुसरी प्रत त्या जुन्या डिस्कवर असलेली बरी.

आता ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो भाग, एसएमपीएस. वरच्या दोन्ही प्रोसेसरांची वीज-गरज माफक आहे. ५६००जीची नोंद ६५ वॉटची आहे, तर आय३-१२१०० जोरात चालताना ८९ वॉटपर्यंत जातो. त्यामुळे ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट मिळणाऱ्या खोक्यावर याहून मोठा आकडा छापलेला असतो, पण तेवढी वीज तो सलग देऊ शकेलच असे नाही. त्याहून गंभीर गोष्ट ही की, निकृष्ट एसएमपीएस बिघडताना मदरबोर्ड आणि डिस्क यांनाही सोबत घेऊन जाऊ शकतो. रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवरचा खर्च येथे वळवावा. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत लहान यूपीएस जोडावा. त्याचा उपयोग काम चालू ठेवण्यासाठी नव्हे, संगणक नीट बंद करण्यासाठी. घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

अंदाजपत्रकातून हमखास सुटणारी बाब म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोजचा परवाना स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो आणि दुकानदाराने 'टाकून दिलेली' प्रत म्हणजे परवाना नव्हे. तो खर्च झेपत नसेल तर लिनक्स विनामूल्य आहे. सी-डॅकने विकसित केलेल्या बॉस लिनक्समध्ये मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. मात्र पाल्याच्या शाळेला एखादा विशिष्ट प्रोग्राम लागतो का, याची आधी चौकशी करावी.

खरेदी करताना प्रोसेसर शक्यतो सीलबंद पेटीतला घ्यावा. इंटेल आणि एएमडी यांच्या पेटीबंद प्रोसेसरांना तीन वर्षांची वॉरंटी असते. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक जीएसटी बिलावर नोंदवून घ्यावा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी वाद होतो. मदरबोर्डच्या सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या नाहीत, हे दुकानातच उघडून पाहावे. नंतर तक्रार केली तर दोष ग्राहकाच्या हाताळणीचा ठरतो. जुळणी दुकानदाराकडून करून घेत असल्यास संगणक सुरू करून रॅम, डिस्क आणि प्रोसेसर यांची नावे पडद्यावर वाचावीत, ती बिलाशी ताडून पाहावीत आणि मगच पैसे द्यावेत.