मोटर खोलणारा पोरगा आणि इंजिनिअरिंगची शाळा



विहिरीवरची मोटर नुसतीच गुरगुरते आहे, पाणी काही उचलत नाही. अशा वेळी तुमच्या घरात पहिली हाक कोणाला जाते? पुष्कळ घरांत ती पंधरा-सोळा वर्षांच्या एखाद्या पोराला जाते. तो येतो, कान लावून ऐकतो, 'फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा बसलाय' किंवा 'एक फेज गेलाय' एवढेच म्हणतो, आणि बहुधा तसेच निघते. याच पोराला गणितात पस्तीस गुण पडले की आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. आणि घरात पोरगी असेल तर तिला मोटरीजवळ फिरकूच देत नाही. मग तिला त्यातले काय कळते, हे आपल्याला कळणार तरी कसे?

मोटरीचा आवाज ऐकून दोष कुठे आहे ते ओळखणे, ही इंजिनिअरिंगची पहिली पायरी आहे. आपल्याकडे ही पायरी शाळेच्या बाहेर राहिली आणि शाळेच्या आत राहिल्या त्या व्याख्या. ही उलटी गाडी सुलटी करण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच मुलखात झाला. तो जरा सविस्तर सांगण्याजोगा आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. पाऊस बेताचा, जमीन कोरडवाहू. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात ते बरीच वर्षे मोठ्या पदावर होते. ती नोकरी सोडून १९८३ साली ते पत्नी मीराताईंसह पाबळला आले आणि 'विज्ञान आश्रम' सुरू केला. २००३ साली ते वारले. आश्रमाचे काम पुढे चालू राहिले. शाळेतून गळालेल्या, नापास झालेल्या मुलांना त्यांनी जवळ केले. आठवी झालेल्या मुलालाही घेता येईल असा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आखला. लोखंडकाम-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरे, घर आणि आरोग्य अशी त्याची चार अंगे. पुढे हीच रीत आठवी ते दहावीच्या शाळांतही नेली.

यात शिकवण्याची तऱ्हा कशी होती, तेच खरे समजून घेण्यासारखे आहे. मुलांना आधी काम द्यायचे आणि त्या कामाला लागेल ते शास्त्र कामाच्या ओघात शिकवायचे. समजा, खोलीचा पाया आखायचा आहे. गवंडी दोरी घेतो, एका बाजूला तीन फूट आणि दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करतो आणि तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवतो. पाच भरले की कोपरा काटकोनात आला. वहीत ज्याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणून धडकी भरली होती, त्याला तो इथे मातीत सापडतो. मग सिमेंट किती, वाळू किती, खर्च किती, याचा हिशेब त्यानेच मांडायचा.

दुसरे उदाहरण पाबळच्या घुमटाचे. तुमच्या घरातली जुनी बाज खिळखिळी झाली की ती एका अंगाला कलते, चौकोनाचा पतंग होतो. तुम्ही काय करता? कोपऱ्यात एक तिरपी पट्टी ठोकता. पट्टीने तिथे त्रिकोण होतो, आणि त्रिकोण बाजू मोडल्याशिवाय हलत नाही. लोखंडी अँगलचे तुकडे कापून, त्रिकोणाला त्रिकोण जोडून पाबळला अर्धगोल घुमटाची घरे उभी राहिली. तुकडे लहान, दोन पोरे सहज उचलतील असे. क्रेन नको की मधे खांब नको. जमिनीत वीज सोडून पाणी लागण्याचा अंदाज घेणारे यंत्र, जीपचे भाग वापरून केलेला 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर, हीही कामे याच अंगणातली. २००२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या नामांकित संस्थेने आपल्या देशाबाहेर ज्या पहिल्यावहिल्या फॅब लॅब काढल्या, त्यांतली एक या पाबळला आली. फॅब लॅब म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापण्या-कोरण्याच्या यंत्रांची कार्यशाळा.

या पद्धतीत गिऱ्हाईक खरे असते, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मुलांनी केलेले फाटक गावातल्या कोणाच्या तरी अंगणात बसते. ते नीट लागले नाही तर मालक दारात येऊन उभा राहतो. परीक्षेतल्या चुकीने दोन गुण जातात आणि विषय संपतो. फाटक मात्र पुन्हा काढून बसवावे लागते.

आता आपल्या मोठ्या कॉलेजांकडे पाहा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला 'प्रोजेक्ट' असतो. हेतू हाच, की चार मुलांनी मिळून खरी अडचण सोडवावी. पण शहरात तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने आहेत, हे कोणाला ठाऊक नाही? पैसे द्या, डबा घ्या, वर अहवालही छापून मिळतो. बापाने कांदा विकून भरलेल्या फीचे असे मातेरे होते. डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठात १९७४ पासून मुले दर सत्रात गटाने प्रोजेक्ट करतात आणि जवळजवळ अर्धा वेळ त्यातच जातो. आपल्याकडे तो शेवटच्या वर्षात कोंबला, म्हणून दुकाने चालली.

प्रोजेक्टला एक पाठराखा लागतो. तो उत्तर सांगत नाही. पोराने अँगल इंचभर आखूड कापला तर ओरडतही नाही, 'मोजलास कुठून?' एवढेच विचारतो. हे काम प्राध्यापकच करील असे नाही. वरच्या वर्षाचा विद्यार्थी किंवा गावातला वेल्डरही ते करू शकतो. ज्याच्या घरात आजवर कोणी कॉलेज पाहिले नाही, त्याला तर असा माणूस फारच लागतो. इंग्रजी व्याख्यान डोक्यावरून गेले तर विचारायचे कोणाला, हे शहरातल्या मुलाला घरात कळते. आपल्या मुलाला वसतिगृहात एकट्याने उशीत तोंड खुपसावे लागते. खरे तर बेअरिंग, नोझल, वॉशर, कपॅसिटर हे शब्द त्याला घरीच पाठ असतात. मधले इंग्रजी कोणी तरी उलगडून द्यायचे, एवढेच.

आणि मुली? १९३७ साली मद्रासकडे ए. ललिता नावाच्या तरुणीचा नवरा वारला, तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि पदरात काही महिन्यांची मुलगी होती. तिचे वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी तिला तिथेच विजेच्या इंजिनिअरिंगला घातले. शेकडो मुलांत ती एकटी; वसतिगृहात तिला फार एकाकी वाटे. तेव्हा कॉलेजने मुलींना प्रवेश खुला असल्याची जाहिरात दिली आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या आणखी दोघी आल्या. पदवीच्या कागदावर 'तो' असे छापलेले होते. ते खोडून हाताने 'ती' करावे लागले. पुढे ललिताबाईंनी भाक्रा-नांगल धरणाच्या वीजकामातही भाग घेतला. तिला घेऊन कॉलेज थांबले नाही; तिच्या जोडीला सोबत आणली, हे ध्यानात घ्या. तुमच्या मुलीला धाडताना गावातली, नात्यातली आणखी एखादी मुलगी बरोबर जाते का, ते जरूर बघा. पाबळच्या रीतीत मुलीही वेल्डिंग करतात आणि मुलेही स्वयंपाक शिकतात. आपल्या माजघरात हे अजून पचायचे आहे!

घरी काय करता येईल? पुढच्या वेळी मोटर खोलाल तेव्हा आधी मेन स्विच पाडा आणि मग पान्हा मुलीच्या हातात द्या. कॉलेज बघायला जाल तेव्हा रंगीत इमारत आणि फाटकावरची कमान बघून परत फिरू नका. कार्यशाळा उघडायला सांगा. यंत्रांवर धूळ आहे की तेल, ते तुम्हाला सांगावे लागणार नाही. ट्रॅक्टर विकत घेताना जे डोळे वापरता तेच वापरा. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना बाजूला घेऊन विचारा, 'बाबांनो, या वर्षी स्वतःच्या हाताने काय केलेत?'

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि हाताच्या मुलाला तो रस्ता अधिक सोयीचा. मुलींसाठी महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ केले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी ही सवलत आहे. वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके मात्र त्यात धरलेली नाहीत. तो खर्च आधी कागदावर मांडा. उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि लागू असेल तो जातीचा दाखला निकालाच्या गर्दीआधीच काढून ठेवा. जूनमध्ये पेरणी आणि तहसील कचेरीची रांग एकदमच येते.