कंट्रोल रूम ते नाकाबंदी : पोलीस खात्याच्या आतल्या संवादाबद्दलचे पाच गैरसमज

26 नोव्हेंबर 2008. रात्रीचे बारा वाजून गेले होते. मुंबईत कामा हॉस्पिटलजवळच्या रंगभवन गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यावर गोळ्या झाडून दोन दहशतवादी पोलिसांचीच क्वालिस घेऊन निघाले. गाडीत मागे शिपाई अरुण जाधव जखमी अवस्थेत, सहकाऱ्यांच्या देहांखाली दबून पडले होते. टायर बसल्यावर दहशतवाद्यांनी ती गाडी वाटेत टाकली आणि एक स्कोडा बळकावली. ते गेल्यावर जाधवांनी कसाबसा वायरलेसपर्यंत हात नेला आणि घडलेला प्रकार कंट्रोल रूमला कळवला. पाठोपाठ स्कोडाचं वर्णन वायरलेसवर गेलं. गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचं पथक नाकाबंदी लावून उभंच होतं. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी त्या दोघा दहशतवाद्यांपैकी कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या आणि बाकीच्या पोलिसांनी कसाबला जिवंत पकडलं.

ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं आणि त्यांचं शौर्य घराघरात सांगितलं जातं. जखमी शिपाई, कंट्रोल रूममधला ऑपरेटर आणि चौपाटीवरचं पथक यांना त्या रात्री जोडून ठेवणारा निरोप मात्र आठवणीतून निसटतो. पोलीस खातं आतून कसं बोलतं, कसं एकत्र काम करतं, याविषयी बाहेर गैरसमज पुष्कळ आहेत, आणि ते दूर झाले तर ठाण्याची पायरी चढणाऱ्या सामान्य माणसाचाच फायदा आहे.

गैरसमज 1 : एक डॅशिंग अधिकारी गुन्हा उकलतो, बाकीचे त्याच्या मागे असतात.

सिनेमाने हे चित्र रुजवलं. प्रत्यक्षात गुन्ह्याचा तपास म्हणजे हातोहात पुढे जाणारं काम आहे. घटनास्थळी सर्वांत आधी बहुधा बीट मार्शल पोहोचतात. गर्दी हटवून जागा राखायची जबाबदारी त्यांची. मग तपास अधिकारी, पंच, ठसेतज्ज्ञ आणि फॉरेन्सिकची गाडी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळाला भेट देणं आवश्यक केलं आहे आणि ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे.

रक्ताचा डाग पडलेला एक शर्ट घ्या. पंचांसमोर तो जप्त होतो, पाकिटात जातो, पाकिटावर पंचांच्या सह्यांचं लेबल लागतं, वर लाखेचं सील बसतं. जप्त वस्तू सांभाळणारा मुद्देमाल कारकून रजिस्टरात नोंद करतो. मग एक शिपाई ते पाकीट पत्रासह प्रयोगशाळेत नेतो. तिथे सील शाबूत आहे का हे पाहून पोच दिली जाते आणि पुढे रासायनिक तपासणीचा ‘सीए रिपोर्ट’ येतो. खटल्यात बचाव पक्षाचे वकील नेमके इथेच बोट ठेवतात. पाकीट किती दिवस ठाण्यात पडून होतं? नेणारा शिपाई कोण? रजिस्टरातली तारीख आणि त्याच्या साक्षीतली तारीख जुळते का? जुळली नाही तर संशयाचा फायदा आरोपीला मिळू शकतो. कुशल अधिकाऱ्याने शोधून काढलेला पुरावा कारकुनाच्या एका चुकलेल्या नोंदीने दुबळा होतो. म्हणून मुद्देमाल कारकून हाही तपास पथकातलाच माणूस.

गैरसमज 2 : आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे, ग्रुप आहेत, संगणक आहेत, समन्वय आपोआप होतो.

ग्रुपवर हरवलेल्या मुलाचा फोटो क्षणात पोहोचतो, हे खरंच उपयोगाचं आहे. पण फोन दोन माणसांत बोलणं घडवतो, वायरलेसवरचा एक निरोप मात्र त्या चॅनेलवरच्या सगळ्या गाड्या आणि चौक्या एकाच वेळी ऐकतात. कोणी काय कळवलं आणि कोणी प्रतिसाद दिला याची नोंद राहते. मोठ्या गर्दीत किंवा आपत्तीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं तेव्हा हीच व्यवस्था हाताशी असते. म्हणूनच राज्य पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग पुण्यातल्या मुख्यालयातून आजही स्वतंत्रपणे चालतो.

संगणकाचंही तसंच. देशभरातली पोलीस ठाणी जोडणाऱ्या ‘सीसीटीएनएस’ प्रकल्पाला केंद्राने 2009 मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे एका जिल्ह्यातल्या आरोपीची कुंडली दुसऱ्या जिल्ह्याला दिसू शकते. मात्र ती दिसण्यासाठी मुळात कोणीतरी ती नीट भरावी लागते. नावाचं स्पेलिंग चुकलं, वय अंदाजे टाकलं, तर शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

माहिती असणं आणि ती योग्य माणसाच्या हाती असणं यातलं अंतर 26/11 च्या त्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही दाखवून दिलं. सूचना येत होत्या, पण त्यांचं एकत्रित विश्लेषण होत नव्हतं आणि अशा हल्ल्यासाठी ठरवलेली कार्यपद्धती त्या रात्री पूर्णपणे पाळली गेली नाही, असं या समितीने नोंदवलं.

गैरसमज 3 : ‘ही आमची हद्द नाही’ म्हटलं की विषय संपला.

कल्याणला राहणाऱ्या बाईंची पर्स दादर ते ठाणे प्रवासात कुठेतरी चोरीला गेली, तर गुन्हा नेमका कुणाच्या हद्दीत घडला हे त्यांना कसं कळणार? ते शोधणं त्यांचं कामच नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. अशा गुन्ह्याला त्या ठाण्याचा अनुक्रमांक न देता शून्य क्रमांक दिला जातो आणि कागद संबंधित ठाण्याकडे वर्ग होतात. कागद पाठवायचे, पोच घ्यायची, पुढच्या ठाण्याने नियमित क्रमांक द्यायचा हा दोन ठाण्यांमधला व्यवहार आहे. त्यासाठी फिर्यादीने हेलपाटे घालायचे नसतात.

दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर तो नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलं होतं. ठाण्याने नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते आणि तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

गैरसमज 4 : वहीत लिहून घेतलं म्हणजे गुन्हा दाखल झाला.

ठाण्यात वह्या अनेक असतात. ठाणे अंमलदारासमोरची ‘स्टेशन डायरी’ म्हणजे ठाण्याची दिनचर्या. कोण ड्युटीवर आलं, कोण बंदोबस्ताला गेलं, कोणता फोन आला, आरोपीला कधी आणलं, हे सगळं वेळेसह त्यात उतरतं. रात्रपाळीला काय घडलं हे दिवसपाळीला याच वहीतून कळतं. अदखलपात्र तक्रारीची, म्हणजे ‘एनसी’ची, नोंद वेगळी होते. तिचा तपास करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. अर्जावर आवक शिक्का मारून मिळाला, तर त्याचा अर्थ अर्ज पोहोचला एवढाच.

गुन्हा दाखल झाला की त्याला गु. र. नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर क्रमांक मिळतो आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते. ठाण्यातून बाहेर पडताना हातात काय आहे, हे पाहावं : प्रत, एनसीची पावती की नुसता शिक्का. तपास अधिकाऱ्याचं नाव विचारून घ्यावं. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं आता कायद्याने पोलिसांवर बंधनकारक आहे.

गैरसमज 5 : पोलिसांत फक्त वरून खाली हुकूम येतात, खालच्याला तोंड नसतं.

हुकूम आणि शिस्त आहेच, ती असायलाच हवी. पण रोल कॉलला ड्युटी वाटून देताना हद्दीतलं ताजं चित्र बीट अंमलदारच सांगतो, आणि मोर्चा शांत राहील की नाही याचा पहिला अंदाज गोपनीय शाखेतल्या कर्मचाऱ्याकडून येतो. गावात हे काम 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला पोलीस पाटील करतो. वरिष्ठांचा निर्णय या खालून आलेल्या माहितीवर उभा असतो.

खालून वर जाणारा हा रस्ता बुजला तर काय होतं, हे मुंबईने ऑगस्ट 1982 मध्ये पाहिलं. पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता सरकारने काढली, शिपाई रस्त्यावर उतरले आणि शहराच्या बंदोबस्तासाठी लष्कराला पाचारण करावं लागलं.

उलट उदाहरण 2016 चं आहे. बारा-बारा तास आणि त्याहून जास्त ड्युटीने माणसं थकत होती. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या तीन पाळ्या कशा बसवता येतील, याचा आराखडा केला आणि तो तेव्हाचे मुंबईचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापर्यंत पोहोचवला. आयुक्तांनी तो फायलीत ठेवला नाही. प्रयोग देवनारलाच सुरू झाला आणि तिथून मुंबईतल्या इतर ठाण्यांकडे गेला. शिपायाचं गणित आयुक्तांनी ऐकल्यामुळे अनेक घरांत वडील रात्रीच्या जेवणाला हजर दिसू लागले.

दोनच्या तीन पाळ्या झाल्या की चार्ज देण्या-घेण्याची वेळही दिवसातून तीनदा येते. लॉकअपमध्ये किती आरोपी, कुणाला औषध द्यायचं आहे, कोणती गाडी नाकाबंदीत पाहायची, कोणती बाई पुन्हा जबाब द्यायला येणार आहे, हे जाणाऱ्याने येणाऱ्याला तोंडी सांगायचं आणि डायरीत लिहायचं. अशा पाळ्यांत थकलेल्या माणसाच्या जागी ताजा माणूस येतो, आणि त्याचं पहिलं काम असतं आधीच्या आठ तासांचं पान उघडून वाचण्याचं.