बस उडते, पण पडते किती?

भौतिकशास्त्र म्हटलं की पोटात गोळा येणाऱ्या, विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात २००२ मध्ये ‘फिजिक्स इन फिल्म्स’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. अशा वर्गासाठी ‘स्पीड’ (१९९४) या चित्रपटातली बस म्हणजे हुकमी एक्का. अर्धवट बांधलेल्या पुलातली ५० फुटांची फट ती ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने ओलांडते. हिशेब वहीच्या कोपऱ्यात मावतो. १५ मीटरला जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण बसला सुमारे १.२ मीटर खाली ओढणार. रस्ता सपाट, मग ती पलीकडे टेकते कशी? (पडद्यावर तर उडताना तिचं नाक वर!) चित्रीकरणात बस चढत्या रॅम्पवरून उडवली होती, फट नंतर संगणकावर ‘पाडली’.